सोबत कोण आहे?

“सोबत कोण आहे?” सिस्टरने विचारलं.

“भाऊ आहे,” मी म्हणाले आणि मागे वळून बघितलं, तर बाकावर भावाची नुसती पिशवी, आणि तिच्यातून डोकावणारी लाह्यांची डबी.

“कुठे आहे भाऊ? सोबत माणूस असल्याशिवाय गुंगीचं इंजेक्शन देत नाही आम्ही. नसेल तर पुढच्या आठवड्यात या.”

“अहो, आत्ता इथे बसला होता.”

तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाकडून मगदूम आले. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, रुमालाने तोंड पुसत. चालण्यात घाई होती, पण ती घाई त्यांना झेपत नव्हती.

“हाय की, हाय की सिस्टर. मी भाऊ ह्यांचा. पळून कुटं जातोय?”

सिस्टरने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी वेंगुर्ल्याची, खानावळ चालवणारी, अंगाने चांगली भरलेली बाई. ते कुरुंदवाडचे जैन, साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर उभा जन्म काढलेले. आमचं बोलणं जुळत नव्हतं, तोंडावळा जुळत नव्हता. पण भावाने बहिणीसारखं दिसलंच पाहिजे असा काही कुठल्या इस्पितळाचा नियम नसतो. तिने नाव लिहून घेतलं आणि आम्हाला बसायला सांगितलं.

“बारीक झालात हो, अण्णा,” मी म्हणाले.

“पर्युषणात यंदा दहा दिवस कडक उपास धरले. वय झालं, ताई. अंगावर काय भरून येईना.”

मला पटलं. जैन माणसाच्या उपासाला मी काय बोलणार? आमच्या एकादशीला ताटात सात पदार्थ असतात.

हा भाऊ मला इस्पितळातच मिळाला होता, त्याच बाकावर.

त्याआधी माझ्या पोटात सारखी जळजळ व्हायची. खानावळवालीचं जेवण म्हणजे सगळ्यांचं आटोपल्यावर, उभ्या उभ्या, जे उरेल ते. त्यामुळे मी पित्त म्हणायचे, चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यात घालून प्यायचे आणि पुन्हा चुलीशी उभी राहायचे. शेवटी यजमान चिडले आणि मला कोल्हापूरला घेऊन आले. डॉक्टर शिराळकरांनी तोंडातून नळी घालून आत बघितलं. पोटाच्या आतल्या बाजूला एक डाग होता. लहान होता, पण कॅन्सरचा होता. त्याच नळीतून त्यांनी तो कापून काढला. टाका नाही, चिरा नाही, पोटावर साधा ओरखडासुद्धा नाही.

“डाग खोल गेला नव्हता, पूर्ण निघाला,” डॉक्टर म्हणाले होते. “पण पोट तेच आहे, बाई. आपण ते वाचवलं. ज्या अस्तरावर एक डाग उठला, त्याच अस्तरावर दुसरीकडे नवा उठू शकतो. सगळ्यांना होतं असं नाही, काहींना होतं. जंतूंचं औषध दिलंय, त्याने धोका कमी होईल, पण अगदीच जाणार नाही. म्हणून दर वर्षी आत बघायचं. काही होत नसलं तरी.”

हे ‘काही होत नसलं तरी’ आमच्या डोक्यात शिरणं कठीण. आमच्याकडे अगदी जिवावर बेतल्याशिवाय डॉक्टरची पायरी कुणी चढत नाही. यजमान तर घाट उतरतानाच म्हणाले, “सुटलीस, आता विषय संपला.” त्याच वर्षी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, पूजेचं निर्माल्य उचलता उचलता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. माझा आजार ठाऊक असलेला एकुलता एक माणूस गेला. आम्हाला मूलबाळ नव्हतं.

गावात सांगायची सोय नव्हती. रांधणाऱ्या बाईला असला रोग झालाय म्हटल्यावर माझ्या हातच्या माशाच्या तिखल्याला कोण शिवलं असतं? चांगली शिकलेली माणसंसुद्धा आमच्याकडे हा रोग लागट समजतात. म्हणून कार्तिकात मी अंबाबाईच्या दर्शनाला जाते असं सांगायचे. खानावळीत मला मदत करणारी आनशी दर वेळी ओटीचा नारळ हातात द्यायची आणि बजावायची, “वैनीनु, माझ्या चेडवाचा लगीन जमांदे म्हणान गाऱ्हाणा घाला हां!” खोटं बोललेय तर निदान अर्धं तरी खरं असावं म्हणून मी देवळातही जायचे, तिच्या मुलीच्या लग्नासाठी गाऱ्हाणं घालायचे, लाडू घेऊन यायचे. गावात माझी ख्याती भाविक बाई म्हणून झाली.

यजमानांच्या माघारी पहिल्यांदा तपासायला आले तेव्हा सिस्टरने हेच विचारलं होतं, सोबत कोण आहे. कुणी नाही म्हटल्यावर तिने मला परत जायला सांगितलं. मी पिशवी उचलली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. आपण आलो होतो, त्यांनीच परत पाठवलं, आपला काही दोष नाही. तेवढ्यात शेजारचा टोपीवाला माणूस उठला.

“मी हाय की. भाऊ हाय मी त्यांचा.”

त्यांच्याही पोटातून त्याच डॉक्टरांनी तसाच डाग काढला होता. बायको नव्हती, एक मुलगा पुण्यात, त्याला रजा मिळत नव्हती. त्यांची तपासणी दुसऱ्या दिवशी होती.

“तुमाला माणूस न्हाई, मला माणूस न्हाई,” ते हळूच म्हणाले. “आज मी बसतो, उद्या तुम्ही बसा. सिस्टरला काय दाखला दाखवायचा हाय का?”

तेव्हापासून तो आमचा शिरस्ता झाला. मंगळवार माझा, बुधवार त्यांचा. वर्षभरात बोलणं म्हणाल तर चार फोन. पण बुधवारी त्यांना आत नेलं की मी त्यांची टोपी आणि चष्मा मांडीवर घेऊन बाहेर बसायचे, आणि सगळ्या वर्षात तेवढा एक दिवस कुणीतरी फक्त माझ्या भरवशावर आहे असं वाटायचं. खानावळीत रोज माणसांचा राबता, पण ती माणसं माझ्या भरवशावर नसतात, माशाच्या भरवशावर असतात.

मधलं एक वर्ष आम्ही चुकवलं. त्यांच्या सुनेचं बाळंतपण होतं, माझ्याकडे पर्यटकांची झुंबड. त्यांचा फोन आला, “ताई, औंदा ऱ्हाऊ दे काय? एक वर्सानं काय हुतंय?” मी म्हणाले, “काहीच होत नाही.” दोघंही शाळा बुडवलेल्या पोरांसारखे खूश झालो.

पुढच्या वर्षी मात्र दिवाळीच्या आधीपासून त्यांचे फोन सुरू झाले.

“मंगळवारी यायचं, ताई. नंबर लावलाय मी तुमचा.”

“आता कशाला हो? पाच वर्षं होत आली. पाच वर्षं काढली की हा रोग मागे वळून बघत नाही म्हणतात.”

“कोण म्हणतंय?”

“सगळेच म्हणतात.”

“सगळ्यांच्या पोटात नळी घालून कुणी बगितलंय? गप या. थोरला भाऊ हाय मी.”

“थोरले कशावरून?”

“टक्कल बगा की माझं!”

मी हसले आणि तिथेच फसले. मग विचारलं, “तुमचं बुधवारीच ना?”

“माझं झालं. पोरगा सुट्टीवर आलता, त्यानंच नेऊन आणलं.”

“बरं झालं,” मी म्हणाले. पण मला बरं वाटलं नव्हतं, वाईट वाटलं होतं. मुलगा बापाला घेऊन गेला याचं वाईट वाटणारी बाई म्हणजे काय, असं स्वतःलाच म्हटलं, पण वाईट वाटलं ते वाटलंच. यंदा टोपी आणि चष्मा मांडीवर येणार नव्हता.

तरीही मी त्यांच्यासाठी खापरोळ्या केल्या. मागे एकदा ते म्हणाले होते, तुमच्याकडचं काहीतरी गोड आणा. जाड, जाळी पडलेल्या खापरोळ्या, आणि नारळाच्या दुधात गूळ-वेलची घालून केलेला रस. रसाचा डबा मांडीवर धरून मी अख्खा घाट चढले. रात्रीपासून मी उपाशी आणि मांडीवर वेलचीचा वास. पण थेंब सांडू दिला नाही.

त्या मंगळवारी मला आत नेलं. घशात फवारा मारला, हातात सुई टोचली. मी गावात काय सांगून येते हे ठाऊक असलेले डॉक्टर शिराळकर म्हणाले, “काय, अंबाबाई काय म्हणते?” त्यानंतरचं काही आठवत नाही.

जागी झाले तेव्हा पडद्याआड खाटेवर होते. घसा खरवडल्यासारखा झाला होता. खुर्ची रिकामी होती.

“भाऊ कुठे आहे माझा?” मी विचारलं.

“डॉक्टरांनी आत बोलावलंय त्यांना,” सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी समजले. आमच्याकडे चांगली बातमी रोग्याला सांगतात आणि वाईट बातमी नातेवाइकाला. पहिल्या खेपेला यजमानांना असंच आत बोलावलं होतं, आणि बाहेर आल्यावर त्यांनी मला ‘काही नाही, थोडी सूज आहे’ म्हणून सांगितलं होतं. त्यांचं तोंड बघून मी खरं ओळखलं होतं. आता माझं मरण कुणाला सांगत होते, तर एका परक्या माणसाला, ज्याचं घर मी कधी बघितलं नव्हतं.

मगदूम आले. खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“ताई, मी खोटं सांगणार न्हाई. नवा डाग हाय. जुनी जागा साफ हाय. ह्यो वरच्या अंगाला, दुसरीकडंच उठलाय.”

मी उठून बसायला गेले, त्यांनी हाताने थोपवलं.

“तुकडा तपासायला धाडलाय. पण डॉक्टरची खात्री हाय. ल्हान हाय अजून. पयल्यासारखा नळीतनं निघंल, पोट कापायला लागायचं न्हाई. पंधरा दिसांनी मंगळवारी या म्हणालेत. त्येच्या पुढं ढकलायचं न्हाई.”

“ते चुकवलेलं वर्ष,” मी म्हणाले.

“व्हय,” ते म्हणाले आणि त्यांनी खाली बघितलं. ते एवढं खाली का बघतायत हे मला तेव्हा कळलं नाही.

दुपारनंतर मला उठायला परवानगी मिळाली. मऊ काहीतरी खा म्हणाले. इस्पितळाच्या आवारात बुचाचं मोठं झाड होतं, त्याखालच्या बाकावर लोक डबे सोडून बसायचे. आम्ही तिथे जाऊन बसलो. पांढरी लांब दांड्यांची फुलं खाली पडत होती.

“मी नाही येणार पंधरा दिवसांनी,” मी म्हणाले.

मगदूमांनी मांडीवर पडलेलं फूल उचलून बाजूला ठेवलं.

“आज हा काढायचा, दोन वर्षांनी आणखी एक. किती वेळा काढत बसायचं? आणि दोनदा दोनदा कोल्हापूरला कशाला जाते म्हणून गावात विचारतील, त्यांना काय सांगू? अंबाबाईने परत बोलावलं म्हणून?”

“सांगा की तसं.”

“थट्टा नको, अण्णा. मला सांगा, कुणासाठी काढायचा? तुमचा मुलगा आहे, नातू आहे. माझ्यामागे कोण आहे? मी गेले तर चार दिवस लोक म्हणतील, बाईच्या हाताला चव होती. पाचव्या दिवशी समोरच्या खानावळीत जाऊन बसतील.”

बोलता बोलता मला रडू फुटलं. यजमान गेल्यावर मी माणसांत रडले नव्हते. ते इथे, अनोळखी लोकांच्या डब्यांमध्ये बसून रडले. मगदूमांनी समजूत घातली नाही. डब्याकडे बोट करून म्हणाले, “त्या डब्यात काय हाय? सकाळधरनं वास येतोय.”

मला दुसरं काय येतं? माझ्या दुःखाच्या दिवशीही कुणी भूक लागली म्हटलं तर माझे हात आपोआप चालू लागतात. मी डोळे पुसले, ताटली काढली, दोन खापरोळ्या ठेवल्या, वर रस ओतला.

“एवढं नगं, ताई.”

“एवढं म्हणजे केवढं? उपासांनी वाळून गेलात नुसते. खा.”

त्यांनी एक तुकडा तोडला, रसात बुडवला, खाल्ला. डोळे मिटले. “लई ग्वाड,” ते म्हणाले. “आमच्या कारखान्यात असली साखर कवा निघाली न्हाई.”

मी हसले. रडून झाल्यावरचं ते हसू असतं ना, नाक चोंदलेलं, तसं. मग मला चेवच आला. त्यांची खापरोळी संपली की मी तिसरी वाढली, वाटीभर रस आणखी घातला. ते नको म्हणून हात आडवा करायचे, मी हात बाजूला सारून वाढायचे. आमच्यात नको म्हणणं हे वाढायचं आमंत्रणच असतं. पाहुण्याने तीनदा नको म्हटल्याशिवाय ते खरं धरत नाहीत. त्यांनी बहुतेक दोनदाच म्हटलं असेल.

ताटली रिकामी झाली. मी पेज आणायला उपाहारगृहाकडे गेले, पेल्यात घेऊन परत आले, आणि बघते तर मगदूम बाकाच्या पाठीला टेकलेले. कपाळावर घामाच्या धारा, टोपी खाली पडलेली, ओठ पांढरे. हात लावला तर अंग गार आणि थरथर कापतंय.

“अण्णा! अहो अण्णा!”

“काय न्हाई... जरा पडतो...”

मी ओरडले. दोन माणसं धावली, त्यांनी मगदूमांना उचलून आत नेलं. मी हातात पेजेचा पेला घेऊन मागे धावत होते. सकाळचीच सिस्टर होती. तिने त्यांना आडवं केलं, नाडी बघितली, रक्तदाब घेतला, त्यांचे जुने कागद मागवून बघितले.

“काय खाल्लं यांनी?”

“खापरोळ्या. म्हणजे गोड. नारळाचा रस, गूळ घालून...”

“किती?”

“तीन. आणि वाडगाभर रस.”

“अहो, यांना गोड कसं दिलंत? एवढं एकदम कसं दिलंत? आषाढात पोट काढलंय ना यांचं! सगळं पोट काढलंय. खाल्लेलं थेट आतड्यात जातं, त्यात गोड गेलं तर असंच होणार.” आणि मग ती म्हणाली, “बहीण ना तुम्ही? भावाचं पोट काढलेलं बहिणीला माहीत नाही?”

पेला हातात तसाच होता.

“बरं वाटेल तासाभरात,” तिचा आवाज थोडा मऊ झाला. “पडून राहू दे त्यांना.”

मी खुर्चीवर बसले. सकाळी ते माझ्या खाटेशेजारी बसले होते, आता मी त्यांच्या. त्यांची टोपी मी उचलून आणली होती. ती मांडीवर ठेवली. मग सगळं एकेक करून दिसायला लागलं. सकाळी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन चोरून दोन घास खाणं. पिशवीतली लाह्यांची डबी. न झेपणारी घाई. जेवणाऱ्याकडे बघून त्याच्या घरचं सुखदुःख सांगेन अशी माझी घमेंड, आणि समोरच्या माणसाला पोटच नाही हे मला कळलं नव्हतं.

घाम ओसरल्यावर त्यांनी डोळे उघडले. मला बघून ओशाळले.

“सिस्टर बोलली वाटतं.”

“बोलली.”

“त्या चुकवलेल्या वर्सातच झालं, ताई. माझाबी नवा डाग उठला. पर मला काय दुखंना, खुपंना. काय हुत नव्हतं म्हणून गेलो न्हाई. जवा रक्ताची उलटी झाली तवा गेलो. त्यो खोल गेलता. नळीनं निघण्यातला ऱ्हायला नव्हता.”

“आणि मला कळवलं नाहीत? ऑपरेशनला सोबत कोण होतं?”

“सही शेजाऱ्यानं केली. पोरगा मागनं आला.”

मला भयंकर राग आला. आजही आठवलं की येतो. “शेजाऱ्याला बोलावलं आणि मला नाही? वर्षा-वर्षाला भाऊ म्हणून बसता ना बाहेर? मग मी कोण लागते?”

“तुमाला बलवलं असतं तर तुम्ही आला असतासा,” ते म्हणाले. “पर मला तसं बगून परत कवा तपासायला आला नसतासा. भ्यालेलं माणूस दवाखान्याकडं येत न्हाई, ताई, उलट्या दिशेनं पळतंय. मी म्हटलं, आदी तुमचं बगून घिऊ. मग सांगू.”

“आणि त्या खापरोळ्या? नको म्हणायचं स्पष्ट. पोट काढलंय म्हणायचं!”

“नगं म्हणणार हुतो. पर वाढताना तुम्ही हसलासा. मग म्हटलं, खाऊ.”

खिडकीबाहेर ऊन भिंतीवर चढायला लागलं होतं. त्यांनी तिकडे बघितलं. सूर्य मावळल्यावर त्यांच्यात जेवत नाहीत हे मला ठाऊक होतं.

“भूक लागलीय?” मी विचारलं.

“मला सारकीच लागती आता. आणि दोन घासांत भागतीबी.”

मी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, सुकं द्या, गोड नको, एका वेळी लिंबाएवढं, आणि चावून चावून. मी उरलेली खापरोळी काढली. रस बाजूला ठेवला. एक बारीकसा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला. एक माझ्या पेजेत टाकला, भिजवून मऊ करायला. त्यांनी तुकडा चावला, गिळला, थोडा वेळ थांबले. मी थांबले. मग दुसरा तुकडा. मला आयुष्यभर वाढायची घाई, ताटं उठवायची घाई. जेवणारा घास गिळतोय का हे बघत मी कधी बसले नव्हते. यजमान होते तेव्हासुद्धा ते आधी जेवायचे, मी मागून. एका माणसाबरोबर एका ताटलीतून मी त्या दिवशी जेवले, पोटात नवा डाग असलेली मी आणि पोटच नसलेले ते. एकच खापरोळी, ऊन भिंतीवरून जाईपर्यंत पुरली.

शेवटचा तुकडा देताना मी म्हणाले, “रस नसला की हिला काही चव नाही.”

“न्हाई,” त्यांनी कबूल केलं. “नुस्ती पिठूळ लागती.”

“पंधरा दिवसांनी येताना घावणे आणते. मिठाचे. ते तरी खाता येतील.”

त्यांनी माझ्या मांडीवरून टोपी घेतली, डोक्यावर घातली आणि तोंड दुसरीकडे करून बराच वेळ ती नीट बसवत राहिले.

त्या मंगळवारी मी गेले. आनशीला सांगितलं की गेल्या खेपेला गाऱ्हाणं घालताना तुझ्या चेडवाचं नाव चुकलं, देवीने परत बोलावलंय. ती इतकी खूश झाली की तिने दोन नारळ दिले. डाग निघाला, पुन्हा पोटावर ओरखडा नाही. बाहेर मगदूम बसले होते, माझा चष्मा मांडीवर घेऊन. त्यांनी त्या दिवशी अडीच घावणे खाल्ले, सकाळपासून मावळतीपर्यंत.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन लागेनासा झाला. रोज लावून बघायचे. नंतर रोज लावणं सोडलं. कुरुंदवाडला जाऊन विचारावं असं मनात यायचं, पण दारात उभी राहून कोण म्हणून सांगू? मी समजायचं ते समजले आणि चुलीशी उभी राहिले. पाऊस गेला, दिवाळी आली. तपासणीची वेळ झाली होती. या वेळी सिस्टर सोबत कोण म्हणून विचारील, आणि मी पिशवी उचलून परत येईन. मग जायचंच कशाला? मी आनशीला सांगून टाकलं की यंदा दर्शनाला जाणार नाही, गुडघे दुखतात.

कार्तिकातल्या एका दुपारी खानावळ भरलेली असताना फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

“नमस्कार. मी सन्मती मगदूम बोलतोय, पुण्याहून. बाबा वैशाखात गेले.”

मी गल्ला बंद केला. “हो,” एवढंच म्हणाले.

“त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. कार्तिक लागला की ताईला फोन करायचा. ती नाही म्हणेल, काहीही कारण सांगेल, ऐकायचं नाही. नंबर लावायचा आणि दिवसभर तिच्या सोबत बसायचं. मी येत्या मंगळवारचा नंबर लावलाय.” तो जरा थांबला. “एक विचारू का? राग मानू नका. बाबांना बहीण नव्हती. ते एकटेच होते. मला आत्या नाही. मग तुम्ही...?”

समोर लोक जेवत होते. कुणी भात मागत होतं, कुणी सोलकढी. आनशी पळी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

“आहे,” मी म्हणाले. “तुझी आत्या बोलतेय. मंगळवारी सकाळी लवकर ये. आणि उपाशी येऊ नकोस, तपासणी माझी आहे.”